जेम्स सॉल्टर यांच्या कादंबऱ्यांतील लढाऊ वैमानिकाचे जीवनवास्तव : 'द हंटर्स' आणि 'कसाडा' यांच्या विशेष संदर्भात

१. प्रस्तावना

लढाऊ वैमानिक हा विसाव्या शतकाने घडविलेला वीरनायक होय. पायदळातील सैनिक चिखलात, खंदकात, हजारोंच्या गर्दीत लढतो. वैमानिक मात्र एकटा, उंचावर आणि वेगात लढतो. त्यामुळे जुन्या काळच्या द्वंद्वयुद्धाची प्रतिमा त्याच्याभोवती सहज उभी राहते. वृत्तपत्रांतील पदकांच्या बातम्या, चित्रपट आणि चरित्रे यांनी ही प्रतिमा सर्वदूर रुजविली. मराठी वाचकाच्या मनातील वैमानिकही बव्हंशी याच मार्गाने आलेला आहे. परंतु या प्रतिमेत वैमानिकाचा दिवस नसतो. त्याची नेमणूक कोण ठरवितो, तो कोणत्या तळावर किती काळ राहतो, हवामान सुधारण्याची वाट पाहत तो काय करतो, त्याच्या कामाचे मोजमाप कशावरून होते, ते मोजमाप चुकले तर त्याचे काय होते, या प्रश्नांना वीरगाथेत स्थान नसते.

अमेरिकन कादंबरीकार जेम्स सॉल्टर (१९२५-२०१५) यांनी नेमके हेच प्रश्न आपल्या सुरुवातीच्या कादंबऱ्यांच्या केंद्रस्थानी ठेवले. 'द हंटर्स' (१९५६) ही कादंबरी कोरियन युद्धातील एका तळावर घडते, तर 'कसाडा' (२०००) ही शीतयुद्धकाळातील पश्चिम जर्मनीत तैनात असलेल्या अमेरिकन तुकडीची कथा आहे. पहिलीत शत्रू आहे, दुसरीत नाही. तरीही दोन्हींत तरुण वैमानिकावर येणारा ताण एकाच जातीचा आहे. लष्करी वैमानिकाच्या जीवनाचे खरे केंद्र लढाईत नसून संस्थेने ठेवलेल्या हिशेबात असते, आणि माणसाची योग्यता व त्याची नोंद यांची जेथे फारकत होते तेथे त्याची नैतिक परीक्षा सुरू होते, असे प्रतिपादन प्रस्तुत लेखात या दोन कादंबऱ्यांच्या आधारे केले आहे. त्याचबरोबर या चित्रणाच्या मर्यादांचाही विचार केला आहे.

२. लेखकाची लष्करी पार्श्वभूमी

सॉल्टर यांचे मूळ नाव जेम्स होरोविट्झ. वडिलांप्रमाणेच तेही वेस्ट पॉइंट या लष्करी अकादमीत दाखल झाले आणि १९४५ मध्ये पदवीधर होऊन बाहेर पडले. प्रशिक्षणाच्या काळातच त्यांना उड्डाणाची पहिली कठोर ओळख झाली. मे १९४५ मध्ये दिशा शोधण्याच्या सरावासाठी केलेल्या उड्डाणात ते वाट चुकले आणि अंधारात त्यांचे विमान मॅसॅच्युसेट्स राज्यातील ग्रेट बॅरिंग्टन येथील एका घरावर कोसळले. युरोपातील युद्ध त्याच सुमारास संपत होते. महायुद्धाची संधी हुकलेल्या पिढीचे ते प्रतिनिधी होते. पुढील काही वर्षे त्यांनी वाहतूक विमाने चालविली. नंतर लढाऊ विमानांकडे वळून त्यांनी कोरियातील नेमणूक स्वतःहून मागून घेतली.

१९५२ च्या फेब्रुवारी ते ऑगस्ट या काळात ते सोलजवळील किम्पो तळावर चौथ्या लढाऊ विंगच्या ३३५ व्या स्क्वॉड्रनमध्ये होते. एफ-८६ सेबर या जेट विमानातून त्यांनी शंभराहून अधिक लढाऊ फेऱ्या केल्या. त्यांच्या नावावर शत्रूचे एक मिग-१५ विमान पाडल्याची नोंद आहे. त्या नोंदीची तारीख ४ जुलै १९५२ अशी आहे. शंभर फेऱ्यांना एक विमान, हे प्रमाण लक्षात ठेवले म्हणजे 'द हंटर्स'मधील वेदना कोठून आली हे समजण्यास मदत होते. कोरियानंतर त्यांची बदली पश्चिम जर्मनीतील बिटबुर्ग येथील तळावर झाली. हाच अनुभव पुढे 'कसाडा'चा आधार ठरला.

लेखन करणारा अधिकारी ही लष्करात संशयास पात्र ठरणारी गोष्ट होती. म्हणून त्यांनी टोपणनाव घेतले आणि पुढे तेच त्यांचे कायदेशीर नाव झाले. 'द हंटर्स' प्रसिद्ध झाल्यानंतर १९५७ मध्ये त्यांनी हवाई दलाचा राजीनामा दिला. त्यांच्या परिचयातील काहीजण पुढे अंतराळवीर झाले. बिटबुर्ग येथील सहकारी एडवर्ड व्हाइट हे १९६५ मध्ये अंतराळात यानाबाहेर पडणारे पहिले अमेरिकन ठरले आणि २७ जानेवारी १९६७ रोजी अपोलो यानाला लागलेल्या आगीत त्यांचा अंत झाला. 'बर्निंग द डेज' (१९९७) या आठवणींच्या पुस्तकात सॉल्टर यांनी हा सर्व काळ पुन्हा न्याहाळला आहे. तात्पर्य, सॉल्टर हे वैमानिकांच्या जगाचे बाहेरून निरीक्षण करणारे लेखक नव्हते. तसेच त्या जगात अखेरपर्यंत राहिलेलेही नव्हते. ज्याला आत राहण्याची किंमत ठाऊक आहे आणि ज्याने बाहेर पडण्याचीही किंमत मोजली आहे, अशा माणसाची ही दृष्टी आहे.

३. किम्पो तळ : प्रतीक्षा, अंतर आणि संख्या

'द हंटर्स'चा नायक कॅप्टन क्लीव्ह कॉनेल हा तिशी ओलांडलेला, उत्तम वैमानिक म्हणून नावाजलेला अधिकारी आहे. कादंबरीची सुरुवात लढाईने होत नाही, वाट पाहण्याने होते. कोरियाला जाण्यासाठी क्लीव्ह ऐन हिवाळ्यात जपानमध्ये थांबला आहे. युद्ध समुद्रापलीकडे आहे आणि तो अद्याप कागदपत्रांच्या टप्प्यावर आहे. कादंबरीचा हा आरंभ अर्थपूर्ण आहे. तैनाती म्हणजे प्रथम प्रतीक्षा, हे सत्य लेखक पहिल्याच पानांत नोंदवितो आणि पुढे ही प्रतीक्षा संपूर्ण कादंबरीभर रूप बदलत राहते. हवामान निवळण्याची प्रतीक्षा, फळ्यावरील यादीत नाव लागण्याची प्रतीक्षा, शत्रू दिसण्याची प्रतीक्षा, आणि अखेरीस परत न आलेल्या विमानाची प्रतीक्षा.

हे समजून घेण्यासाठी त्या वेळच्या युद्धाची स्थिती ध्यानात घ्यावी लागते. जून १९५० मध्ये सुरू झालेले कोरियन युद्ध १९५२ पर्यंत जमिनीवर जवळजवळ स्थिरावले होते. पानमुन्जोम येथे वाटाघाटी चालू होत्या आणि आघाडीची रेषा फारशी हलत नव्हती. वायव्य कोरियाच्या आकाशात मात्र सेबर आणि मिग-१५ या दोन जेट विमानांचा सामना दररोजच्या शक्यतेत होता. वैमानिकांत हा टापू 'मिग अ‍ॅली' म्हणजे मिगांची गल्ली या नावाने ओळखला जाई. किम्पोहून यालू नदीपर्यंतचे अंतर सुमारे तीनशे किलोमीटर. पंखांखालील जादा इंधनटाक्या घेऊन निघालेल्या सेबरला तेथे पोहोचल्यावर जेमतेम वीस मिनिटे मिळत. शत्रूची गाठ पडताच या टाक्या सोडून द्याव्या लागत आणि परतीच्या इंधनाचा काटा सतत पाहावा लागे. यालूपलीकडील आंतुंगचे विमानतळ वरून दिसत. पण नदी ओलांडण्यास मनाई होती. ही मनाई अनेकदा मोडली गेली हा भाग वेगळा. म्हणजे शत्रू कधी येणार हे शत्रूच ठरवीत असे. तो आलाच नाही तर त्या दिवशीची फेरी रिकामी जाई, तरीही ती शंभरात धरली जाई.

येथे दोन संख्या एकमेकींसमोर उभ्या ठाकतात. शंभर फेऱ्या पूर्ण झाल्या की वैमानिकाची तैनाती संपे आणि तो घरी जाई. पाच विमाने पाडली की तो 'एस' म्हणजे अव्वल लढवय्या ठरे. पहिली संख्या आपोआप वाढते. दुसरी वाढेलच असे नाही. सामान्य सैनिकाच्या दृष्टीने पहिली संख्या म्हणजे सुटका. क्लीव्हच्या दृष्टीने मात्र ती घटत जाणारी संधी आहे. प्रत्येक रिकामी फेरी त्याला घराच्या जवळ आणि कीर्तीपासून दूर नेते. जिवंत परतणे हेच ज्याला अपयश वाटू लागते अशा माणसाची मनोवस्था सॉल्टर यांनी कोठेही अतिशयोक्ती न करता उभी केली आहे.

तळावरील सर्व मानवी संबंध याच दुसऱ्या संख्येने ठरतात. तळाचे प्रमुख कर्नल इमिल क्लीव्हला पूर्वीपासून ओळखतात आणि त्याच्याकडून मोठी अपेक्षा बाळगतात. ती अपेक्षा पूर्ण होत नाही तसतसा त्यांच्या वागण्यातील ओलावा आटत जातो. कोणी उघडपणे काही बोलत नाही. जेवणाच्या टेबलावरील एखादे वाक्य किंवा नजर पुरेशी असते. मेजर अ‍ॅबट हे दुसऱ्या महायुद्धात नावाजलेले. पण येथे विमानात बिघाड असल्याचे सांगून ते वाटेतून मागे फिरू लागले आहेत. काल ज्याने मान मिळविला त्याला आज तो पुन्हा मिळवावा लागतो. अ‍ॅबटकडे पाहताना क्लीव्हला दया येते, त्याचबरोबर भीतीही वाटते. ही भीती मरणाची नाही. आपणही असेच होऊ, याची आहे.

क्लीव्ह रजेवर टोकियोला जातो तो भाग या दृष्टीने विशेष उल्लेखनीय आहे. तेथे एका चित्रकाराच्या घरी, त्याच्या मुलीच्या सहवासात, त्याला युद्धाबाहेरच्या जीवनाची चाहूल लागते. कादंबरीतील सर्वांत निवांत पाने हीच. परंतु तो रजेवर असतानाच यालूवर मोठी चकमक झाल्याची बातमी येते आणि ती संधी त्याच्या हातून निसटलेली असते. विश्रांतीचे दिवसही हिशेबात तोट्याच्या बाजूला पडतात, हे तैनातीच्या जीवनाचे एक कटू सत्य आहे.

४. विंगमन : कर्तव्य आणि श्रेय

लढाऊ विमाने चारांच्या तुकडीने उडत. चारांत दोन जोड्या आणि प्रत्येक जोडीत एक नेता व एक साथीदार. या साथीदाराला विंगमन म्हणतात. नेत्याने हल्ला करावा आणि विंगमनने त्याची पाठ राखावी, हा नियम. आकाशात मागून येणारे विमान सर्वांत घातक असते. म्हणून विंगमन हे नेत्याचे डोळे असतात. परंतु पाठ राखणाऱ्याच्या नावावर काही जमा होत नाही. ज्याचे कर्तव्य उत्तम पार पडले त्याच्या खात्यावर शून्यच राहते. संस्थेला विंगमनची नितांत गरज असते आणि ती गौरव मात्र शिकाऱ्याचा करते. हा विरोध लढाऊ हवाई दलाच्या रचनेतच आहे, आणि 'द हंटर्स'चे कथानक त्याच फटीतून उगवले आहे.

क्लीव्हच्या तुकडीतील पेल हा तरुण वैमानिक हा विरोध ओळखतो आणि त्याचा लाभ घेतो. तो आपली जागा सोडून शिकारीमागे जातो आणि एकटा पडलेला डॉटर्स हा त्याचा सहकारी मारला जातो. क्लीव्हच्या दृष्टीने हा अपराध आहे. तो वरिष्ठांपुढे पेलविषयी बोलतो. पण पेलच्या नावावर विमाने जमा झालेली आहेत. ज्याच्याकडे आकडे आहेत त्याच्यावर आरोप करणारा, ज्याच्याकडे आकडे नाहीत असा माणूस, मत्सरी ठरतो. क्लीव्हचे म्हणणे खरे असूनही ते ऐकले जात नाही. त्याहून अवघड गोष्ट अशी की आपल्या रागात मत्सर मिसळलेला नाही याची खात्री खुद्द क्लीव्हलाही देता येत नाही. येथे लेखकाने नायकाला निष्कलंक ठेवलेले नाही आणि त्यामुळेच त्याचा संघर्ष विश्वसनीय होतो.

पेलला खलनायक म्हणून बाजूला सारणे सोपे आहे. पण कादंबरी नीट वाचली असता पेल हा व्यवस्थेला अपवाद नसून तिचे तर्कशुद्ध फलित असल्याचे दिसून येते. मोजले जाते तेच केले जाते, एवढेच तो शिकला आहे. अपराध त्याचा आहेच. पण त्याला पदके देणारी व्यवस्था त्या अपराधात भागीदार आहे.

५. नोंद आणि सत्य : कादंबरीचा नैतिक केंद्रबिंदू

शत्रूकडे एक असामान्य वैमानिक आहे. अमेरिकन वैमानिकांनी त्याला 'केसी जोन्स' हे नाव दिले आहे. तो क्वचित दिसतो, पण दिसला की कोणी तरी परत येत नाही. कादंबरीच्या अखेरच्या भागात क्लीव्ह आणि त्याचा विंगमन हंटर यांची त्याच्याशी गाठ पडते. दीर्घ लढाईनंतर क्लीव्ह त्याला पाडतो. परंतु या लढाईत दोघांचेही इंधन संपते. दोन्ही विमाने इंजिनाच्या बळाशिवाय, केवळ उंचीच्या आधारे तरंगत तळाकडे निघतात. क्लीव्ह धावपट्टी गाठतो. हंटर काही अंतर आधीच कोसळून मरण पावतो.

आता हिशेबाचा प्रश्न येतो. विमान पाडल्याचा दावा मान्य होण्यासाठी बंदुकीला जोडलेल्या कॅमेऱ्यातील चित्रण किंवा साक्षीदार आवश्यक असतो. क्लीव्हच्या कॅमेऱ्यात काहीही उमटलेले नाही. एकमेव साक्षीदार हंटर होता आणि तो मेला आहे. म्हणजे क्लीव्हने जीवनातील सर्वांत मोठे यश मिळविले आणि ते सिद्ध करण्याचे एकही साधन उरले नाही. या क्षणी क्लीव्ह सांगतो की केसी जोन्सला हंटरने पाडले. या विधानाला साक्षीदार आहे. तो साक्षीदार म्हणजे क्लीव्ह स्वतः.

या प्रसंगाची रचना बारकाईने पाहणे आवश्यक आहे. खरे सांगितले तर संस्था ते स्वीकारणार नाही. खोटे सांगितले तर ती ते नियमानुसार मान्य करील. दावा करणारा स्वतःचा साक्षीदार होऊ शकत नाही, पण मृताचा साक्षीदार होऊ शकतो. नोंदींच्या व्यवस्थेत सत्याला जागा नाही आणि असत्याला आहे, हा विरोधाभास येथे टोकाला पोहोचतो. संपूर्ण कादंबरीभर क्लीव्ह ज्या नोंदीसाठी झुरला, ती नोंद तो आपल्या हाताने दुसऱ्याच्या नावावर लिहितो. आणि ज्याच्या नावावर लिहितो तो विंगमन आहे, म्हणजे व्यवस्थेने ज्याला कधीच काही दिले नसते असा माणूस.

या कृतीचा अर्थ एकेरी नाही. ती उदारता आहे, यात शंका नाही. ज्याने पाठ राखली त्याला श्रेय मिळाले पाहिजे, हा क्लीव्हचा जुना आग्रह या एका विधानात कृतीत उतरतो. परंतु तिच्यात अभिमानही आहे. हा विजय आता पेलला किंवा इतर कोणालाही गाठता येणार नाही अशा ठिकाणी क्लीव्हने ठेवला आहे, कारण मृताशी स्पर्धा करता येत नाही. तसेच तिच्यात संस्थेचा मूक धिक्कार आहे. तुमची वही काय स्वीकारते ते पाहा, असेच जणू तो सांगतो. सॉल्टर या तिन्ही अर्थांपैकी एकाचीही निवड वाचकावर लादत नाहीत. त्यानंतर थोड्याच पानांत क्लीव्हही मारला जातो. सत्य जाणणारा शेवटचा माणूस जातो आणि खोटी नोंद कायम राहते. पेलचा गौरव होत राहतो. ते सत्य आता एकट्या वाचकाकडे उरते. या कादंबरीचे वाचकाशी असलेले नाते यामुळे साक्षीदाराचे नाते बनते.

कोरियन युद्धाच्या इतिहासानेही नंतर या विषयाला एक वेगळे परिमाण दिले. त्या काळी अमेरिकेकडून सांगितले गेलेले दहास एक असे जयापजयाचे प्रमाण नंतरच्या अभ्यासकांनी बरेच खाली आणले. तसेच मिग विमाने मोठ्या प्रमाणावर सोव्हिएत वैमानिक चालवीत होते, ही दीर्घकाळ दडवून ठेवलेली बाब पुढे उघड झाली. दोन्ही बाजूंच्या वह्या अपुऱ्या होत्या. सॉल्टर यांनी १९५६ मध्ये एका व्यक्तीच्या बाबतीत जे दाखविले ते पुढे संपूर्ण युद्धाच्या बाबतीत खरे ठरावे, ही लक्षणीय गोष्ट होय.

६. चित्रपटातील रूपांतर : एक तुलना

१९५८ मध्ये डिक पॉवेल यांनी 'द हंटर्स'वर चित्रपट काढला. त्यात रॉबर्ट मिचम यांनी प्रमुख भूमिका केली. चित्रपटात नायक आणि अ‍ॅबटची पत्नी यांचे प्रेम दाखविले आहे. तसेच शत्रूच्या प्रदेशात उतरलेल्या सहकाऱ्यांना वाचवून आणण्याचा थरार आहे. पेल सुधारतो. शेवट समाधानकारक आहे. कादंबरीचा नैतिक केंद्रबिंदू असलेला नोंदीचा प्रसंग या रचनेत बसण्यासारखाच नव्हता. चित्रपटाने विमाने आणि आकाश ठेवले व हिशेब काढून टाकला. वैमानिकाची लोकप्रिय प्रतिमा कशी तयार होते याचे हे बोलके उदाहरण आहे. वीरगाथेला धोका चालतो, मृत्यूही चालतो. पण गैरनोंद झालेले शौर्य चालत नाही.

७. 'कसाडा' : शांतताकाळातील तळ

'कसाडा' ही स्वतंत्र कादंबरी नसून 'द आर्म ऑफ फ्लेश' (१९६१) या आधीच्या कादंबरीचे नव्याने केलेले लेखन आहे. मूळ कादंबरीत अनेक पात्रे आपापल्या मुखाने कथा सांगत. लेखकाला ती फसल्याची जाणीव होती. जवळजवळ चार दशकांनी त्यांनी ती पुन्हा लिहिली आणि निवेदन तृतीयपुरुषी केले. एका लष्करी अनुभवाकडे लेखक वयाच्या पंचाहत्तरीत परत येतो, यावरूनच त्या अनुभवाने त्याला सोडले नव्हते हे स्पष्ट होते.

येथे युद्ध नाही. पश्चिम जर्मनीतील तळावर तुकडी शीतयुद्धाच्या पहाऱ्यावर आहे. वैमानिकांच्या बायका-मुले सोबत आहेत. क्लब, मेजवान्या, बदल्यांच्या गोष्टी, वरिष्ठांचे अभिप्राय असे तळाचे बंदिस्त जीवन आहे. बाहेर पाऊस, धुके आणि खाली उतरलेले ढग. रॉबर्ट कसाडा हा नवा लेफ्टनंट या तुकडीत येतो. त्याचा निकटचा वरिष्ठ कॅप्टन विकेंडन याला तो सुरुवातीपासून आवडत नाही. कॅप्टन इस्बेल याला मात्र त्याच्यात काही तरी वेगळे दिसते. एकाच माणसाविषयी दोन अधिकाऱ्यांची दोन मते, आणि त्या मतांवर अवलंबून असलेले त्याचे भवितव्य, ही या कादंबरीची मूळ मांडणी आहे. युद्धात निदान पाडलेल्या विमानांची संख्या तरी असते. शांततेत वैमानिकाची किंमत वरिष्ठाच्या मर्जीवर ठरते, आणि मर्जीविरुद्ध दाद मागण्याची सोय नसते.

हिशेब येथेही आहेच. नेमबाजीच्या सरावासाठी तुकडी उत्तर आफ्रिकेत त्रिपोलीला जाते. त्या काळी अमेरिकेचा व्हीलस हा तळ त्रिपोलीजवळ होता आणि युरोपातील तुकड्या स्वच्छ हवामानासाठी तेथे जात. एका विमानामागे दोराने ओढल्या जाणाऱ्या कापडी लक्ष्यावर इतरांनी गोळ्या झाडायच्या. अशा सरावात प्रत्येकाच्या गोळ्यांना वेगळा रंग लावण्याची पद्धत असे. उतरल्यावर कापडावरील रंगीत भोके मोजली की कोणाचा नेम कसा हे सर्वांसमोर कळे. शत्रूऐवजी कापड आले, पण मोजणी आणि मोजणीतून येणारी प्रतिष्ठा कायम राहिली.

कादंबरीची प्रकरणे दोन काळांत आळीपाळीने फिरतात. एका काळात तळावरील महिने आहेत; दुसऱ्यात एकाच संध्याकाळची काही मिनिटे. इस्बेल आणि कसाडा दोन विमानांतून परतत असताना हवामान बिघडते. इस्बेलचा रेडिओ बंद पडतो. त्यामुळे अनुभवी इस्बेलला तरुण कसाडाच्या मागे यावे लागते आणि धावपट्टीचा मार्ग शोधण्याची जबाबदारी कसाडावर येते. इंधन संपत आले आहे. ज्या माणसावर विश्वास ठेवावा की नाही हे तुकडी महिनोन्महिने ठरवू शकली नाही, त्याच्यावर आता सर्वस्वी विसंबावे लागते. कसाडा या उड्डाणात मरण पावतो. या मृत्यूला शत्रू जबाबदार नाही, आणि एकच एक माणूसही नाही. ढग, इंधन, बिघडलेले यंत्र आणि एका तरुणाला सिद्ध व्हावेच लागेल असे वाटायला लावणारे वातावरण, या सर्वांचे ते फलित आहे.

'द हंटर्स'च्या तुलनेत 'कसाडा' कमी वाचली जाते. नाट्याच्या दृष्टीने पहिली कादंबरी अधिक प्रभावी आहे, हे खरे. परंतु तळावरच्या जीवनाचे वास्तव 'कसाडा'त अधिक व्यापक आहे. लढाऊ वैमानिकाच्या सेवेतील बहुतेक वर्षे शांततेत, सरावात आणि बदल्यांत जातात. आणि सराव हाही मृत्यूपासून मुक्त नसतो. पदक न देणाऱ्या या मृत्यूला साहित्यात स्थान मिळवून देणे, हे 'कसाडा'चे महत्त्वाचे कार्य होय.

८. चित्रणाच्या मर्यादा

या कादंबऱ्यांच्या मर्यादाही स्पष्टपणे नोंदविणे आवश्यक आहे. पहिली मर्यादा अशी की किम्पो हे कोरियातील ठिकाण असूनही 'द हंटर्स'मध्ये कोरियन माणूस जवळजवळ नाही. ज्या भूमीवर युद्ध चालले आहे ती भूमी वरून दिसणारा नकाशा म्हणून येते. नद्या, बर्फ, डोंगर दिसतात. घरे आणि माणसे दिसत नाहीत. वैमानिकाची दृष्टी खरोखरच अशी असते, असे समर्थन करता येईल. तथापि, त्या दृष्टीची किंमत जमिनीवरील माणसांनी मोजली, याची जाणीव कादंबरीत पुरेशी उमटत नाही.

दुसरी मर्यादा स्त्रियांच्या चित्रणाची. टोकियोतील तरुणी ही क्लीव्हच्या मनातील शांततेचे रूप आहे; तिला स्वतःची इच्छा, स्वतःचा युद्धानुभव फारसा नाही. १९५२ चे टोकियो हे सात वर्षांपूर्वीच बेचिराख झालेले शहर होते, ही गोष्ट लक्षात घेतली की ही उणीव अधिक जाणवते. 'कसाडा'त पत्नी आणि कुटुंबे आहेत. पण बदल्यांचे खरे ओझे वाहणाऱ्या या स्त्रियांचे मन तेथेही पूर्णपणे उलगडत नाही.

तिसरी मर्यादा शैलीशी निगडित आहे. सॉल्टर यांचे गद्य संयत आणि देखणे आहे. आकाश, प्रकाश, उंची यांचे वर्णन ते इतके सुंदर करतात की पाडलेल्या विमानात माणूस होता याचा क्षणभर विसर पडतो. व्यवस्थेची चिकित्सा करणारी कादंबरी त्या व्यवस्थेच्या मोहिनीतून पूर्णतः मुक्त नाही. मात्र हा दोष लेखकाच्या प्रामाणिकपणाचा पुरावाही मानता येईल. ज्याला ही मोहिनी कधी जाणवलीच नाही, त्याने सोडलेल्या नोकरीला फारसा अर्थ नसतो.

९. समारोप

वरील विवेचनावरून असे दिसून येते की सॉल्टर यांनी लष्करी वैमानिकाचे जीवन युद्ध आणि शांतता या दोन्ही स्थितींत एकाच सूत्राने पाहिले आहे. तैनाती, नेमणूक, फेऱ्यांची मर्यादा, पाडलेल्या विमानांची संख्या, नेमबाजीचे गुण, वरिष्ठांचा अभिप्राय ही सर्व मोजणीची साधने आहेत. संस्थेला ती लागतात, कारण मोजल्याशिवाय हवाई दल चालत नाही. परंतु ती माणसाचे संपूर्ण सत्य सांगू शकत नाहीत. 'द हंटर्स'मधील क्लीव्ह हे सत्य स्वतःजवळ ठेवून नोंद दुसऱ्याला देतो. 'कसाडा'तील तरुणाला तेवढीही संधी मिळत नाही. त्याच्याविषयीचे मत बदलण्यापूर्वीच तो जातो.

शौर्याचा गौरव करणाऱ्या कोणत्याही समाजाने या कादंबऱ्यांतून एक गोष्ट घेण्यासारखी आहे. गौरवाच्या यादीत नसलेली नावेही सेवेतच असतात. ज्याने पाठ राखली, ज्याची फेरी रिकामी गेली, जो सरावात कोसळला, त्याचीही एक कथा असते, आणि ती सांगण्याचे काम वहीचे नसून साहित्याचे असते. हे काम सॉल्टर यांनी स्वतःची नोंद अवघ्या एका विमानाची असताना केले. त्या एका नोंदीच्या मागे असलेल्या शंभराहून अधिक फेऱ्यांचा अर्थ त्यांच्या या दोन कादंबऱ्यांनी जपून ठेवला आहे.